काटा तोच, कंबर मोजली का?

पोलोग्राउंडच्या कारखान्यांतून, वीज कंपनीतून निवृत्त झालेल्या इंदूरच्या काका-काकूंनो, ही पोस्ट खास तुमच्यासाठी! "पंचविशीत होतं तेवढंच वजन आहे" एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आपल्या भारतीय अंगकाठीचं दुखणं नेमकं हेच आहे. म्हणून काट्यासोबत टेपही वापरा: कंबर पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी.

वयाबरोबर स्नायू झिजतात आणि साठीनंतर शरीराचा ऊर्जेचा खर्चही हळूहळू उतरतो. त्यामुळे नुसतं चालणं पुरत नाही, स्नायूंना ताकदीचा व्यायामही हवा. हात न टेकता खुर्चीतून उठ-बस करणं हा माझा सर्वांत आवडता व्यायाम, कारण तो घरातच होतो. (गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारून.) सकाळचे पोहे जरूर खा, पण सोबत प्रथिनांसाठी वाटीभर मोड आलेले मूग किंवा दही असू द्या, जिलबी सणावारी. उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. आणि काहीच न करता वजन घटू लागलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.