डोळे आलेल्या मुलाकडे पाहिल्याने काय होते?

डोळे येणे म्हणजे बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला असलेल्या पातळ, पारदर्शक आवरणाला आलेली सूज. ॲलर्जीने किंवा जिवाणूंमुळेही ती येते. पण पावसाळ्यात वर्गच्या वर्ग लाल करून सोडणारी साथ बहुधा विषाणूंची असते. त्यांत दोन घराणी मुख्य, ॲडिनोव्हायरस आणि एंटेरोव्हायरस. दुसऱ्या घराण्यातले एंटेरोव्हायरस ७० आणि कॉक्सॅकी ए२४ हे डोळ्यात रक्त उतरल्यासारखी लाली आणतात. या रूपातली साथ १९६९ साली पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात प्रथम नोंदली गेली. त्याच वर्षी अपोलो ११ चंद्रावर उतरले होते, म्हणून तिथल्या लोकांनी आजारालाच अपोलोचे नाव दिले. १९७१ मध्ये, निर्वासितांचे लोंढे येत असताना, साथ बंगालमध्ये पसरली आणि तिला ‘जय बांगला’ म्हणू लागले. महाराष्ट्रात २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीत मोठी साथ आली. तिथल्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला एंटेरोव्हायरस आढळला.

विषाणू बदलत गेले, एक समजूत मात्र जागची हललेली नाही: डोळे आलेल्याच्या डोळ्यात पाहिले की पाहणाऱ्याचेही डोळे येतात. साथ आली की शाळांमध्ये हिचे राज्य सुरू होते. आजारी मुलाला मागच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून बसवले जाते. काळा गॉगल असेल तर वर्गात प्रवेश, नसेल तर घरी. गॉगल लावलेला मुलगा मग डोळे चोळत, नाक पुसत, शेजाऱ्याची पट्टी आणि खोडरबर वापरत दिवसभर वर्गात बसतो, आणि सगळे निर्धास्त असतात.

पाहणे म्हणजे समोरच्या वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरणे. प्रकाशाबरोबर विषाणू येत नाहीत. नजरेने संसर्ग होत असता, तर रोज पन्नास लाल डोळ्यांत भिंग रोखून पाहणारा एकही नेत्रतज्ज्ञ साथीत कामावर उरला नसता. डॉक्टरांनाही हा आजार होतो, पण तो हातांतून आणि उपकरणांतून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या गोदी कामगारांमध्ये ॲडिनोव्हायरसची अशी साथ पसरली, तिला ‘शिपयार्ड आय’ असेच नाव पडले. डोळ्यात गेलेला धातूचा कण काढून घ्यायला कामगार गोदीच्या दवाखान्यात जात आणि कणाच्या बदल्यात संसर्ग घेऊन परतत. तो देणारे हात आणि उपकरणे दवाखान्याचीच होती.

शाळेतही विषाणूचा प्रवास असाच होतो. आजारी मुलाच्या डोळ्यातले पाणी आणि चिपडे त्याच्या बोटांना लागतात. बोटांवरून ते नळाच्या तोटीला, दाराच्या कडीला, चेंडूला, कंपासपेटीला लागतात. तिथून दुसऱ्याच्या बोटांवर, आणि ती बोटे डोळ्याकडे जातात. हे शेवटचे पाऊल अनेकांना अतिशयोक्ती वाटते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली २६ वैद्यकीय विद्यार्थ्यांचे चित्रीकरण करून मोजणी प्रसिद्ध केली. प्रत्येकाने सरासरी तासाला २३ वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावला होता आणि त्यातले ४४ टक्के स्पर्श डोळे, नाक किंवा तोंडाला होते. ही डॉक्टर होऊ घातलेली मंडळी. पाचवीच्या वर्गाचा हिशेब ज्याने त्याने करावा.

समजूत टिकते, कारण ती वरवर खरी ठरते. जो समोरासमोर बसून पाहतो तो जवळही असतो, त्याच वस्तू हाताळतो, आणि एंटेरोव्हायरसच्या साथीत एक-दोन दिवसांतच त्याचे डोळे लाल होतात. पाहिलेले आठवते, खोडरबर आठवत नाही. गॉगलचा उपयोग आहे, पण तो आजारी मुलालाच: उजेड टोचत नाही आणि हात डोळ्याकडे कमी जातो. तोच गॉगल मित्राने हौसेने लावून पाहिला, तर मात्र संसर्गाची सोय झाली.

वसतिगृहात हा गैरसमज अधिक महाग पडतो. नियमित शाळेतले मूल संध्याकाळी घरी जाते. आश्रमशाळेतले मूल त्याच मुलांबरोबर जेवते, झोपते आणि एकाच टाकीच्या नळांवर तोंड धुते. तिथे नजरेची चिंता करत बसण्यापेक्षा पंचा, बादली, मग आणि उशीचा अभ्रा प्रत्येकाचा वेगळा आहे की नाही, हे अधीक्षकांनी पाहणे शंभरपट मोलाचे. मुलींच्या खोल्यांत एकच काजळाची डबी चौघींत फिरते, तीही बंद व्हायला हवी. साबण नळाजवळ असावा, कपाटात नव्हे. सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नये: या विषाणूंना चरबीचे बाह्य आवरण नसते, म्हणून अल्कोहोलचा त्यांच्यावर प्रभाव कमी पडतो. ॲडिनोव्हायरस तर कोरड्या पृष्ठभागावर आठवडे टिकू शकतो. कड्या, तोट्या आणि पलंगाच्या दांड्या ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने पुसाव्या लागतात.

सर्वांत घातक प्रकार औषधाच्या नावाखाली घडतो. एकाच्या बाटलीतून सगळ्यांना रांगेने थेंब घातले जातात, ‘आले नसतील त्यांनाही, खबरदारी म्हणून’. बाटलीचे टोक एका पापणीला टेकले की पुढच्या प्रत्येकाच्या डोळ्यात विषाणू पोहोचवण्याची चोख व्यवस्था होते. प्रतिजैविकाचे थेंब विषाणूवर चालत नाहीत, आणि निरोगी डोळ्याला ते आधी घालून आजार टळत नाही. औषध दुकानातून न विचारता आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब लाली झटपट उतरवतात, म्हणून लोकप्रिय आहेत; पण डोळ्यात नागिणीच्या जातकुळीतला हर्पिस विषाणू असेल तर ते बुबुळाला कायमची इजा करू शकतात, आणि लांबलेल्या वापराने काचबिंदूचा धोका असतो. बहुतेक मुलांचा आजार एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिपडे पुसणे, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घेणे आणि तो टाकून देणे, एवढे पुरते. दिसणे अंधूक झाले, तीव्र वेदना झाल्या किंवा उजेड अजिबात सोसेना, तर नेत्रतज्ज्ञच हवा. मध, गुलाबजल, आईचे दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

मुलाला किती दिवस दूर ठेवावे, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. ब्रिटनच्या आरोग्य सुरक्षा संस्थेच्या शाळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत या आजारासाठी घरी ठेवण्याची सक्ती नाही. पण बाकाला बाक खेटलेल्या वर्गात, साथ ऐन भरात असताना, डोळ्यांतून पाणी वाहत आहे तोवर घरी ठेवणे शहाणपणाचे. वसतिगृहात हाच नियम उलटा लागतो. सगळ्यांना एसटीत बसवून गावी पाठवल्याने साथ संपत नाही, ती वीस पाड्यांवर पोहोचते. त्यापेक्षा एक खोली वेगळी काढावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे.

वसतिगृहांतल्या इतर समजुतींना इतकी जागा देण्याचे कारण नाही. कांजिण्या म्हणजे देवीचा कोप नव्हे आणि त्यात आंघोळ वर्ज्य नाही. संसर्ग पुरळ दिसण्याआधी एक-दोन दिवस सुरू होतो आणि सगळ्या फोडांवर खपली धरली की संपतो, खपली गळून पडेपर्यंत थांबण्याची गरज नसते. गालगुंडावर लेप लावून संसर्ग थांबत नाही. सूज आल्यापासून पाच दिवस मूल वेगळे ठेवावे. गोवर-रुबेलाची लस घेतली म्हणजे गालगुंडापासूनही संरक्षण मिळाले, असे नाही. सरकारी कार्यक्रमातल्या त्या लसीत गालगुंडाचा घटक नाही. खरूज अस्वच्छ मुलांनाच होते हेही खोटे: ती कातडीत बीळ करणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे होते, आणि पहिल्या लागणीत खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून खाजवणाऱ्या एकट्यालाच मलम लावून काही साधत नाही, खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी, मानेपासून तळपायापर्यंत लावावे लागते. त्यानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहते, ती औषध फसल्याची खूण नसते. आणि उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. त्यांच्यासाठी मुलीला शाळेतून घरी पाठवण्याचे काही कारण नाही.