देज आणि अब्रू : सातपुड्यातील विवाहव्यवहाराचा एक विचार

‘अब्रू’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ चेहऱ्याचे पाणी, म्हणजे तेज. मराठीत मात्र हा शब्द बहुधा जाण्याच्या संदर्भातच येतो. अब्रू जाते, घालविली जाते, झाकली जाते. गेलेली अब्रू परत आल्याचे सहसा कोणी म्हणत नाही. प्रतिष्ठेची ही कल्पना सार्वत्रिक नाही, हे नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल व पावरा समाजांच्या विवाहपद्धतीवरून दिसून येते.

१९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्राणी व अक्कलकुवा या डोंगराळ तालुक्यांत वरपक्षाने वधूपक्षास ‘देज’ देण्याची रीत आहे. कन्येसाठी शुल्क घेणारा पिता अपत्यविक्रय करतो, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे. त्या संस्कारात वाढलेल्या निरीक्षकास देज ही मुलीची किंमत वाटते, आणि ‘वधूमूल्य’ हा अभ्यासकांचा पारिभाषिक शब्दही दुर्दैवाने तोच ग्रह दृढ करतो. वस्तुतः शेतात आणि रानात राबणारे दोन हात एका घरातून दुसऱ्या घरात जातात, याची ती पंचांसमक्ष दिलेली कबुली होय. काही न देता मुलगी नेली, तर कमीपणा तिच्या घराला येतो.

मुलगी आपल्या पसंतीच्या तरुणाबरोबर निघून गेली तरी पंच बसतात, देज व दंड ठरतो, आणि बहुधा प्रकरण तेथेच मिटते. पहिले घर सोडून तिने दुसरे केले, तर नवा नवरा पहिल्याचे देज भरून देतो. पेरिस्टियानी यांनी संपादिलेल्या १९६५ च्या ग्रंथात भूमध्य सागराकाठच्या समाजांतील प्रतिष्ठेचे जे विवेचन आहे, तेथे स्त्रीच्या शीलावर कुटुंबाची अब्रू टांगलेली असते. त्या हानीला भरपाई नसते. सातपुड्यात ती असते, आणि ती मोजताही येते.

हा व्यवहार निर्दोष आहे असे नव्हे. देजासाठी काढलेले कर्ज फेडावयास अनेक तरुणांना गुजरातेत ऊसतोडीला जावे लागते. शिवाय शिक्षण व नोकरीबरोबर काही कुटुंबांत सपाटीवरचा हुंडाही शिरू लागला आहे. पैशाची दिशा उलटली की परत करण्याजोगे देज उरत नाही, आणि नांदणे न जमलेल्या मुलीला पंचांपुढे मोकळे होण्याची जी वाट होती तीही बुजत जाते.