कुरणातले तीर्थमंदिर : बव्हेरियातील वीसकिर्खे

दक्षिण जर्मनीत, आल्प्सच्या पायथ्याशी, श्टाइनगाडेन गावाजवळच्या कुरणांत वसलेले वीसकिर्खे हे कॅथलिक तीर्थमंदिर एका अडगळीत पडलेल्या मूर्तीमुळे उभे राहिले. श्टाइनगाडेनच्या मठवासीयांनी १७३० मध्ये गुड फ्रायडेच्या, म्हणजे येशूच्या मृत्युस्मरणदिनाच्या, मिरवणुकीसाठी फटक्यांनी घायाळ झालेल्या ख्रिस्ताची लाकडी मूर्ती तयार केली होती. काही वर्षांतच ती मिरवणुकीतून बाद झाली आणि अखेर मारिया लोरी या शेतकरी स्त्रीच्या घरी आली. १४ जून १७३८ रोजी मूर्तीच्या डोळ्यांत अश्रू दिसल्याची वार्ता पसरली, भाविकांची रीघ लागली आणि मूर्तीसाठी बांधलेले छोटे प्रार्थनागृह अपुरे पडू लागल्याने मठाने डोमिनिकस त्सिमरमान या वास्तुकाराकडे नव्या मंदिराचे काम सोपवले.

१७४५ ते १७५४ या काळात झालेले हे बांधकाम रोकोको शैलीचे, म्हणजे अठराव्या शतकातील नाजूक, वळणदार अलंकरणाचे, निःसंशय शिखर आहे. बाहेरून साध्या दिसणाऱ्या या वास्तूत अंडाकृती दालन, गिलाव्याची शुभ्र-सोनेरी नक्षी आणि वास्तुकाराचा भाऊ योहान बाप्टिस्ट याने रंगवलेले छत अशा प्रकाशात न्हाऊन निघतात, की भिंत कुठे संपते आणि चित्रातले आकाश कुठे सुरू होते हे नजरेला कळत नाही. डोमिनिकसने उर्वरित आयुष्य याच मंदिराशेजारी घालवले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, चर्चची मालमत्ता शासनाने ताब्यात घेतली तेव्हा, हे मंदिर पाडण्याचा घाट घातला गेला. स्थानिक शेतकऱ्यांच्या विरोधामुळेच ते वाचले. १९८३ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला.