वारसा परवान्याचा की नौकेचा?

श्रीनगरच्या दल सरोवरातील एका हाऊसबोटीच्या दिवाणखान्यात अभिप्रायाच्या जुन्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत. सेवेत असताना आणि निवृत्तीनंतरही त्या बोटीवर माझा मुक्काम झाला आहे. सर्वांत जुनी वही विद्यमान मालकांच्या आजोबांच्या काळातील. तिच्यातील नोंदी बहुतांशी इंग्रज कुटुंबांच्या. पुढच्या वह्यांत जर्मन, फ्रेंच नावे दाटीने येतात. १९८९नंतर दोन नोंदींमधील अंतर आठवड्यांवरून महिन्यांवर जाते. मग हस्ताक्षरे पुन्हा वाढतात, परंतु लिपी बदललेली असते : बंगाली, गुजराती, देवनागरी. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला हे दप्तर कोणत्याही शासकीय अहवालाइतकेच मोलाचे वाटते.

हाऊसबोटीचा जन्मच एका शासकीय नकारातून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उन्हाळ्यासाठी काश्मीरमध्ये येणाऱ्या युरोपियनांना डोग्रा दरबाराने जमीन घेऊ दिली नाही. तेव्हा पाण्यावरच घर उभारण्याची युक्ती निघाली. हांजी या नावाड्यांच्या समाजाची ‘डुंगा’ ही छपराची लांबट नौका त्यासाठी आधाराला होती. तिच्यावर देवदाराच्या फळ्यांच्या खोल्या चढल्या, छताला ‘खतमबंद’ची नक्षी आली आणि १८८०च्या दशकानंतर हे तरते निवासस्थान रूढ झाले. पाहुणे मायदेशी परतले. नौका मात्र हांजी कुटुंबांकडे राहिल्या आणि बापाकडून मुलाकडे येऊ लागल्या.

हा व्यवसाय म्हणजे घरच्या माणसांचे श्रम. पुढे पाहुण्यांची बोट आणि मागे कुटुंबाचे बिऱ्हाड, अशी याची मांडणी असते. स्वयंपाक मागे होतो, ताटे पुढे येतात. एक भाऊ शिकारा वल्हवतो, दुसरा पाहुण्यांची बडदास्त ठेवतो, हिशेब वडिलांकडे. पगारी नोकर ठेवावे लागत नाहीत, म्हणूनच मंदीत हा धंदा मोठ्या हॉटेलपेक्षा अधिक काळ तग धरतो. पाहुणे नसतील तर कुटुंब खर्च आवरते. टाळे ठोकीत नाही.

या चिवटपणाची परीक्षा वारंवार झाली. नव्वदच्या दशकातील दहशतवाद, सप्टेंबर २०१४चा महापूर, ऑगस्ट २०१९मध्ये पर्यटकांना खोरे सोडण्याची देण्यात आलेली सूचना, पाठोपाठ कोविडची टाळेबंदी. नोव्हेंबर २०२३मध्ये पहाटे लागलेल्या आगीत पाच हाऊसबोटी भस्मसात झाल्या आणि बांगलादेशातून आलेल्या तीन पर्यटकांचा मृत्यू झाला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली आणि ऐन हंगामातील आरक्षणे रद्द झाली.

तरीही या कुटुंबांना सर्वाधिक चिंता वाटते ती आपत्तीची नव्हे, लाकडाची. पाण्यात उभ्या असलेल्या नौकेचा तळ कुजतो. ठरावीक काळाने फळ्या बदलाव्या लागतात, फटी बुजवाव्या लागतात आणि कधीतरी संपूर्ण नौका नव्याने बांधावी लागते. देवदार दुर्मीळ आणि महाग झाला आहे. प्रदूषणाच्या प्रश्नामुळे नव्या हाऊसबोटींना मनाई आहे आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. २०२१च्या धोरणाने दल व नगीन या सरोवरांतील हाऊसबोटींची संख्या सुमारे ९००वर गोठवली. नोंदणी कुटुंबात हस्तांतरित होऊ शकते. नौका मात्र वेळेवर दुरुस्त झाली नाही, तर वारसाच्या हाती उरतो तो केवळ कागद.

प्रशासनाची बाजू मी नाकारणार नाही. सरोवर ही सार्वजनिक संपत्ती आहे. सांडपाणी थेट पाण्यात सोडणे कोणत्याही परंपरेच्या नावाखाली समर्थनीय ठरत नाही. लाकडी नौका एकमेकींना खेटून उभ्या असतील तर एका ठिणगीने काय होते, हे २०२३ने दाखवले. परंतु सरोवर केवळ हाऊसबोटींनी मलिन होत नाही. भोवतालच्या शहराचे आणि वस्त्यांचे सांडपाणी हा त्याहून मोठा प्रश्न आहे. मोठ्या दोषाला हात घालणे कठीण, म्हणून लहान दोष झिजून संपण्याची वाट पाहत बसायची, हे धोरण नव्हे.

फाईल प्रलंबित ठेवणे हाही एक निर्णयच असतो, हे सेवेत मी अनेकदा पाहिले. फरक इतकाच की त्या निर्णयाखाली कोणाची सही नसते. हाऊसबोटी हव्या असतील तर शासनाने तसे स्पष्ट सांगावे : त्याच मापाची नौका पुन्हा बांधण्यास ठरलेल्या मुदतीत परवानगी, त्यासाठी रास्त दराने लाकूड, परवडणारा विमा, आणि त्या बदल्यात सांडपाण्याची जोडणी व अग्निसुरक्षा यांबाबत तडजोड नाही. ज्यांना बाहेर पडायचे आहे त्यांना सन्मानाने मोबदला द्यावा. हाऊसबोटी नको असतील, तर तेही उघडपणे सांगून पुनर्वसन करावे. दोन्ही मार्ग खर्चाचे आहेत. तिसरा मार्ग शासनाला फुकट पडतो, कारण त्याची किंमत ही कुटुंबे मोजतात.

गेल्या मुक्कामात मालकांच्या धाकट्या मुलाशी बोलणे झाले. हॉटेल व्यवस्थापन शिकून तो घरी परतला आहे. त्याला अनुदान नको होते. कर्ज काढून बोटीचा तळ बदलावा, की तेच पैसे घेऊन दिल्लीत नोकरी शोधावी, एवढेच त्याला ठरवायचे होते. आणि त्यासाठी दहा वर्षांनी ही बोट येथे उभी राहू दिली जाईल काय, हे त्याला ठाऊक असणे आवश्यक होते. आयुष्याची तीन दशकांहून अधिक वर्षे शासनात घालवूनही मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. अभिप्रायाची वही त्याने पुढे केली, तेव्हा मी केवळ आदरातिथ्याविषयी लिहिले.