बूस्टर विकत घेण्याआधी

लेखमाला : लहरींच्या वाटा | लेखांक ६

टॉवरपासून निघालेली लहर गावात कशी पसरते, ते मागच्या लेखांकात पाहिले. आज तीच लहर घराच्या भिंतीशी अडते तेव्हा काय करायचे, ते पाहू.

खिडकीशी उभे राहिले तर फोन लागतो, स्वयंपाकघरात गेले की आवाज तुटतो. आईवडील गावी एकटे राहतात, त्यांचा फोन ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असतो आणि पुण्यामुंबईतल्या मुलांचा जीव टांगणीला लागतो. मग कोणीतरी सिग्नल बूस्टर सुचवतो. दोन अँटेना, मध्ये एक डबा, थोडी केबल. ऑनलाइन तो सहज दिसतो. पण त्याचा परिणाम आपल्या चार भिंतींच्या आत थांबत नाही, म्हणून घेण्याआधी तो काय करतो हे नीट समजून घेऊ.

आधी मोजा

फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककात असतो. अँड्रॉइडवर तो सेटिंगमधल्या ‘फोनविषयी’ या भागात, सिम स्टेटसखाली मिळतो. फोरजीवर उणे ८५ च्या आसपासचा आकडा उत्तम, उणे १०० कामचलाऊ. उणे ११० च्या खाली गेला की बोलणे तुटू लागते. दर १० डीबीएमला ताकद दहापटीने बदलते. म्हणजे अंगणात उणे ९० आणि माजघरात उणे १२० असेल, तर भिंतींनी हजारातले ९९९ भाग गिळले. मग दोष टॉवरचा नाही, घराच्या बांधणीचा आहे. अंगणातच उणे ११५ असेल, तर मात्र टॉवरच दूर किंवा डोंगराआड आहे.

कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंती, स्लॅबमधल्या लोखंडी सळया, नव्या इमारतींच्या काचांवरचा धातूचा पातळ थर, हे सगळे लहर अडवतात. सर्वांत कडक अडसर पत्र्याचा. गच्चीवर पत्र्याची शेड घातल्यावर वरच्या मजल्यावरची रेंज उतरू शकते. लहरीची जातही पाहावी लागते. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर भिंतीतून बऱ्यापैकी आत येते. २३०० ची अडखळते, फाइव्हजीची ३३०० मेगाहर्ट्झची त्याहून जास्त. शेजाऱ्याचे सिम चालते आणि आपले नाही, याचे एक कारण हेही असू शकते.

बूस्टर काय करतो

बूस्टरची बाहेरची अँटेना टॉवरची लहर पकडते, डबा ती वाढवतो, आतली अँटेना ती घरात सोडते. हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा उलट्या दिशेचा: आपल्या फोनची लहर वाढवून तो टॉवरकडे फेकतो. धोका याच दिशेला आहे.

फोन जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॅट ताकदीने बोलतो. अशा शेकडो फोनांचे क्षीण आवाज टॉवरला एकाच वेळी वेगळे करून ऐकायचे असतात. कोणता फोन जवळ, कोणता दूर, हे पाहून टॉवर प्रत्येकाला आवाज किती ठेवायचा ते सतत सांगतो. स्वस्त बूस्टर ही शिस्त पाळत नाही. तो फोनच्या लहरीबरोबर स्वतःचा गोंगाटही टॉवरवर ओततो. शिवाय आतली आणि बाहेरची अँटेना पुरेशा लांब नसतील, तर आतली लहर पुन्हा बाहेरच्या अँटेनात शिरते आणि मांडवात माइक स्पीकरसमोर आल्यावर जशी शिट्टी वाजते तशीच रेडिओची शिट्टी सुरू होते. ती आपल्याला ऐकू येत नाही, टॉवरला येते. परिणामी टॉवरचे कान बधिर होतात आणि त्याच्या कक्षेच्या कडेला राहणाऱ्यांचे फोन आधी तुटतात. त्यात कोणी रुग्णवाहिकेला फोन लावत असू शकते.

कायदा काय म्हणतो

म्हणूनच भारतात खासगी व्यक्तीला किंवा सोसायटीला असा बूस्टर लावता येत नाही. परवान्याशिवाय रेडिओ यंत्र बाळगण्याला १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून बंदी आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही परवानगीची अट कायम ठेवली. जुलै २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने स्पष्ट सांगितले की परवानाधारक मोबाइल कंपन्यांखेरीज कोणीही बूस्टर बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदा आहे. दुकानात मिळतो म्हणून तो चालतो असे नाही.

अमेरिकेत २०१३ च्या नियमांनी आणि ब्रिटनमध्ये २०१८ पासून, टॉवरला त्रास न देण्याच्या कसोटीवर उतरलेले बूस्टर घरी लावता येतात. म्हणून परदेशातले नातेवाईक प्रेमाने एखादा घेऊन येतात. पण अमेरिकेतले आणि आपले फ्रिक्वेन्सी पट्टे पुरते जुळत नाहीत, आणि तिथली मान्यता इथे लागू होत नाही.

मग करायचे काय?

पहिला आणि सर्वांत सोपा उपाय वायफाय कॉलिंग. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केले. घरात ब्रॉडबँड असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये ही सोय चालू करा. नेहमीच्याच नंबरवरून नेहमीसारखे बोलता येते, समोरच्याकडे काहीच लागत नाही. बँकेचा ओटीपी येतो का, तेही एकदा तपासा. पावसाळ्यात वीज जाते तिथे राउटरला छोटा यूपीएस जोडाच, नाहीतर गरजेच्या वेळी फोन मुका होईल.

केबल पोहोचत नसेल, तर २०२३ पासून मिळणारी एअरफायबरसारखी सेवा आपल्या गावात आहे का ते विचारा. तिचे यंत्र कंपनी छपरावर बसवते, ते टॉवरची लहर घेते आणि घरात वायफाय देते. बूस्टरकडून आपल्याला जे हवे होते, ते इथे नियमात राहून मिळते.

दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला पाहुणा घरी आला, की त्याच्या फोनवरचा आकडा प्रत्येक खोलीत पाहा. तो स्पष्ट चांगला असेल, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदला. २० जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर आहे. १९०० वर ‘पोर्ट’ शब्द इंग्रजीत आणि पुढे आपला नंबर लिहून एसएमएस पाठवायचा.

अंगणातही रेंज नसेल, तर एकट्याने झगडू नका. वाडीतल्या सगळ्यांनी १९८ वर तक्रार नोंदवावी, तक्रार क्रमांक लिहून ठेवावा, समाधान झाले नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. मोठ्या सोसायटीने इमारतीच्या आत यंत्रणा बसवण्याची लेखी मागणी कंपनीकडे करावी. परवानाधारक कंपनी आपल्या टॉवरशी जुळवून ती बसवू शकते. रेंज ही सामायिक गोष्ट आहे, पाणवठ्यासारखी राखायची. एका घराने ओढून घेतली की दुसऱ्या घराची कमी होते. म्हणून मागणीही सगळ्यांनी मिळूनच करायला हवी.

मात्र अशी मागणी करणाऱ्या सोसायटीतच ‘टॉवर आमच्या गच्चीवर नको’ असेही म्हटले जाते. त्यामागची भीती कितपत खरी आहे? भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. त्या आकड्याचा अर्थ पुढच्या लेखांकात समजून घेऊ.