आकडे ८३३, अभ्यास ३७५

मेटा-ॲनालिसिसचं बारसं जीन ग्लास यांनी १९७६ साली केलं आणि पुढच्याच वर्षी मेरी ली स्मिथ व ग्लास यांचा मानसोपचारावरचा गाजलेला लेख आला. अभ्यास ३७५, त्यांतून काढलेले इफेक्ट साइझ ८३३. तेच रुग्ण, तोच तुलनागट. एकदा चिंता मोजली, एकदा आत्मविश्वास, पुन्हा काही आठवड्यांनी आणखी एकदा. असे आकडे परस्परांपासून स्वतंत्र कसे असतील? या विद्येला हे दुखणं जन्मासोबतच आलं. औषध मिळायला मात्र तीन दशकांहून अधिक काळ गेला.

एकाच घरातल्या पाच जणांनी एकच साक्ष दिली, तर न्यायाधीश ती पाच साक्षीदारांची धरत नाही. संशोधक बिनदिक्कत धरतात. हिशोब साधा आहे. एका अभ्यासातले पाच इफेक्ट साइझ, प्रत्येकाचा व्हेरियन्स सारखा, आपसांतला सहसंबंध ०.८. स्वतंत्र मानले तर सरासरीचा व्हेरियन्स एकट्या आकड्याच्या ०.२० पट निघतो. खरा असतो ०.८४ पट. प्रमाण त्रुटी निम्म्याहूनही कमी दाखवली जाते, आणि नसलेला निष्कर्ष ठळक अक्षरांत छापून येतो.

सुरुवातीचे उपाय भराभर सांगून टाकतो, कारण त्यांत रमण्यासारखं फार नाही. अभ्यासामागे एकच आकडा निवडा (कोणता, ते निवडणाऱ्याच्या मर्जीवर), किंवा सगळ्यांची सरासरी घ्या. सरासरीने मुख्य उत्तर बरं येतं, पण चिंतेवरचा परिणाम आणि आत्मविश्वासावरचा परिणाम वेगळा आहे का, हा प्रश्नच पुसला जातो. आणि बहुधा अभ्यास त्या प्रश्नासाठीच गोळा केलेले असतात. रॉडनबुश, बेकर व कलैयन यांनी १९८८ मध्ये, आणि ग्लेसर व ओल्किन यांनी १९९४ मध्ये बहुचलीय मार्ग दाखवला. गणित देखणं. तुलनागट सामायिक असला आणि गट सारख्या आकाराचे असले, की दोन लहान परिणामांमधला सहसंबंध ०.५ च्या आसपास येतो, हे त्यातून झटकन निघतं. पण एकाच गटावर अनेक मोजमापं असली की त्यांचे सहसंबंध हवेत, आणि ते मूळ लेखात छापलेले नसतात. सूत्र तयार, सामग्री गायब.

इथे पुण्याचा माणूस थोडा आडवळणाला जाणारच. मूळचे सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे १९४०च्या दशकात पीककापणीच्या नमुना पाहण्या आखत होते, तेव्हा प्रश्न हाच होता. आधी गाव, मग शेत, मग वाफा. एकाच गावातले वाफे एकमेकांसारखे असतात, म्हणून वाफे वाढवून फारसं हाती लागत नाही. गावं वाढवावी लागतात. पुढे वि. म. दांडेकरांशी त्यांचा कुपोषणावरचा वाद रंगला, त्याच्याही तळाशी अवलंबित्वच होतं: एकाच माणसाचा आजचा आहार आणि कालचा आहार यांचं नातं काय. आमच्या पिढीने त्या वादात बाजू घेतल्या, चहाच्या टेबलावर आवाज चढवले. आता एम.एस्सी.च्या मुलांना विचारावं, तर दोघांचीही फक्त नावं ठाऊक असतात, तीही क्वचित.

माझा जीव जडला तो २०१० साली. हेजेस, टिप्टन आणि जॉन्सन यांचा लेख ‘रिसर्च सिंथेसिस मेथड्स’ या नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात आला. त्यांनी सांगितलं, की सहसंबंध नक्की माहीत नसला तरी अडून बसू नका. एक कामचलाऊ अंदाज धरून वजनं ठरवा. मग प्रत्येक अभ्यासातले अवशेष गठ्ठ्याने घ्या, त्यांचे परस्पर गुणाकार करा आणि प्रमाण त्रुटी त्यांतून काढा. अंदाज चुकला तर उत्तराची धार थोडी बोथट होईल, पण अभ्यास पुरेसे असतील तर प्रमाण त्रुटी खोटं बोलणार नाही. कल्पनेची मुळं हूबर यांच्या १९६७च्या आणि व्हाइट यांच्या १९८०च्या कामात आहेत. लिआंग आणि झेगर यांनी १९८६ मध्ये ती गटागटाने येणाऱ्या आकड्यांकडे वळवली होती. तरी ती इथे आणून बसवायला नजर लागते. अज्ञान मान्य करूनही प्रामाणिक उत्तर देता येतं, हे मला त्या लेखात फार आवडलं, अजून आवडतं.

खोट होती ती थोड्या अभ्यासांत. चाळीसच्या खाली उतरलं, की मूळ सूत्र पुन्हा आशावादी होऊ लागे. टिप्टन यांनी २०१५ मध्ये बेल-मॅकॅफ्री दुरुस्ती आणि सॅटरथ्वेट पद्धतीचे स्वातंत्र्यांश जोडले. हे अंश चारच्या खाली गेले, तर पी-मूल्यावर विसंबू नका, असा स्वच्छ इशाराही दिला. गंमत म्हणजे अभ्यास तीस असूनही ते अंश तीनवर येऊ शकतात, कारण एखादा गुणधर्म मोजक्याच अभ्यासांत आढळतो. सुखात्म्यांना हे दोन मिनिटांत पटलं असतं.

दुसऱ्या गोटातली मंडळी त्रिस्तरीय मॉडेलचा झेंडा घेऊन हिंडतात. मला ते मॉडेल नावडतं असं नाही. अभ्यासांमधली आणि अभ्यासाच्या आतली तफावत ते छान वेगळी करतं. पण नेहमीच्या मांडणीत एका अभ्यासातल्या नमुना-त्रुटी परस्परांपासून स्वतंत्र धरलेल्या असतात. रुग्ण तेच, तर त्या स्वतंत्र कशा? हे विचारलं, की एका परिसंवादात मला ‘जुन्या वळणाचे’ ही पदवी मिळाली. पुस्टेयॉव्स्की आणि टिप्टन यांनी २०२२ मध्ये दोन्ही एकत्र आणलं: आत सहसंबंधित त्रुटी, वर स्तर, आणि सगळ्यावर मजबूत प्रमाण त्रुटीचं कवच. माझ्या लेखी भांडण तिथे मिटलं. त्यांच्या लेखी अजून नाही.

आता सगळं ‘आर’मध्ये दोन-चार ओळींत होतं, आणि तिथेच माझी चिडचिड सुरू होते. सहसंबंध ०.८ का धरला, असं तोंडी परीक्षेत विचारलं, तर उत्तर येतं: ‘सर, डीफॉल्ट आहे.’ ०.४ धरून पाहिलं का? नाही. मार्गदर्शकांनीही विचारलेलं नसतं. पूर्वी हाताने यंत्र फिरवून बेरजा करणाऱ्याला निदान कुठला आकडा कुठून आला, हे ठाऊक असायचं.

त्याहून मोठं दुखणं मूळ लेखांतलं. आठ मोजमापं घ्यायची, तीन छापायची आणि त्या तिघांचाही आपसांतला सहसंबंध द्यायचा नाही. छापील तिघांचं अवलंबित्व आम्ही कवच घालून सांभाळू. न छापलेल्या पाचांसाठी कुठलंही कवच उपयोगी नाही. निवडक छपाई आणि अवलंबित्व एकत्र हाताळणाऱ्या पद्धतींवर अलीकडे कुठे काम वेग घेतंय. तोवर संपादकांनी एवढं तरी करावं: सहसंबंधांचा तक्ता नसलेला लेख परत पाठवावा. अर्ध्या पानाचा तक्ता असतो.