आधी शिकवणाऱ्याची शाळा

प्रौढांना शिकवायला निघालेल्या माणसाच्या हातात पहिल्याच तासाला मोडी लिपीतला एक कागद द्यावा. जुनं खरेदीखत मिळालं तर फारच छान. भाषा मराठी, मजकूर आपल्याच मुलखातला, कुणी मोठ्यानं वाचला तर बहुतेक सगळा कळेल असा. पण समोर दिसतात ती नुसती वेटोळी. मग त्याला सर्वांसमोर उभं राहून वाचायला सांगावं. पदवी घेतलेला तरुण अडखळतो, हसण्यावारी नेतो, शेवटी खाली बघतो. त्याला भाषा येते, समज आहे, व्यवहार कळतो, ओळख नाही ती फक्त लिपीशी. साक्षरता वर्गात पदर सावरत मागे बसलेल्या साठीच्या बाईची अवस्था अगदी हीच असते. ती अवस्था एकदा स्वतः अनुभवावी आणि मगच अशा बाईला शिकवायला बसावं.

साताऱ्याची जुनी वाट

सातारा-सांगलीला हे काम नवं नाही. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाई फुले लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं आणि मग त्या शाळेत उभ्या राहिल्या. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जोतीरावांचं मूळ गाव कटगुण, तेही साताऱ्यातलंच. दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी या दोघांनी १८५५ साली पुण्यात रात्रीची शाळा काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही खेड्यांत शाळा वाढवताना खेड्यासाठी तयार झालेला शिक्षक लागतो हे ओळखलं आणि १९३५ साली साताऱ्यात शिक्षकांसाठी वेगळं प्रशिक्षण विद्यालय उभं केलं.

पुढे १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांचं देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे. मोहिमेचं वेगळेपण असं, की एकेकटा माणूस न धरता तिनं अख्खं गाव धरलं. चौदा ते पन्नास वयाची सगळी माणसं लिहिती-वाचती करायची, गावातल्या प्राथमिक शिक्षकांनी आणि शिकलेल्या गावकऱ्यांनी शिकवायचं, आणि गाव पूर्ण साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. साक्षरता ही गावाच्या अब्रूची गोष्ट झाली. नंतर मोहीम राज्यभर नेली गेली. तिचं दुखणं मात्र पुढे उघडं पडलं. समारंभ झाल्यावर वाचायला काही उरलं नाही तिथे शिकलेलं विसरलं गेलं.

आज काय चालू आहे

२०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८३ टक्के होती आणि सांगलीची सुमारे ८१. स्त्रियांचा आकडा साताऱ्यात ७६ च्या, तर सांगलीत ७५ च्या आसपास. म्हणजे तेव्हा चार बायकांमागे एकीला अक्षरओळख नव्हती.

२०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. ‘उल्लास’ हे त्याचं आता रुळलेलं नाव. पंधरा वर्षांवरील असाक्षर व्यक्ती त्यात येते आणि शिकवणारे असतात स्वयंसेवक: शिक्षक, विद्यार्थी, अंगणवाडी ताई, कधी घरातलीच नात. शेवटी १५० गुणांची चाचणी असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला प्रत्येकी ५० गुण. महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ ला ती झाली, तेव्हा नातवंडांनी आजीला परीक्षेला सोडायला यावं, अशी दृश्यं गावोगाव दिसली.

स्वयंसेवक बिनपगारी आहे म्हणून त्याची तयारीही वरवरची चालेल, असं धरून चालणं मला मान्य नाही. पुस्तिका वाटून दिलेल्या सूचनांना प्रशिक्षण म्हणू नये.

पहिली गोष्ट: चाळिशी

अक्षराआधी डोळे बघावेत. चाळिशी उलटली की जवळचं अंधुक होतं, म्हणून तर चष्म्यालाच आपण ‘चाळिशी’ म्हणतो. ज्यांनी आयुष्यात कधी वाचलंच नाही त्यांना आपली नजर गेल्याचं कळतही नाही. ‘डोक्यात शिरत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांना मुळात अक्षर दिसत नसतं. सुईत दोरा ओवता येतो का, एवढं विचारलं तरी उलगडा होतो.

दुसरं म्हणजे हात. खुरपं आणि कोयता धरलेली बोटं पेन्सिल मुठीत आवळतात. पहिले काही दिवस पाटीवर, नाहीतर ताटात पसरलेल्या रांगोळीवर मोठी वळणं काढू द्यावीत.

तिसरं बोलणं. वर्गातल्या बाईला मावशी, काकी, आजी असं नात्यानं हाक मारावी आणि ‘अहो’नंच बोलावं. चुकलं तर लाल शाईची फुली नको. शाळेतले गुरुजी इथे सवयीनं घसरतात. ‘गप्प बसा, पुन्हा दहा वेळा लिहा’ हे तोंडून गेलं की दुसऱ्या दिवशी मावशी येत नाहीत, आणि का आल्या नाहीत तेही सांगत नाहीत.

अक्षरं: ‘पाणी’ या शब्दापासून

मुळाक्षरं ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत घोकायला महिने जातात, आणि तोवर एकही वाक्य वाचता येत नाही. ब्राझीलचे पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली आंजिकोस गावी मजुरांना शिकवताना त्यांच्या जगण्यातले शब्द घेतले, त्यावर आधी बोलणं घडवलं आणि मग तेच शब्द फोडून अक्षरं काढली. माण किंवा जतसारख्या दुष्काळी तालुक्यात असा शब्द शोधायला लागत नाही. तो आहे ‘पाणी’.

प, ण, न, क, ह ही पाच अक्षरं घ्या, सोबत काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्यात पाणी, पीक, पान, कान, नाक, काका, काकी, नाना, नाणी हे शब्द उभे राहतात. आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिता येतं: ‘पाणी नाही, पीक नाही.’ हे वाक्य दुष्काळी गावातल्या बाईनं स्वतः वाचलं की तिला वाचन म्हणजे काय ते कळतं.

सोयीचा शब्द आणि जिव्हाळ्याचा शब्द दर वेळी एकच नसतो. वाळवा-कराडच्या पट्ट्यात बोलायला ‘ऊस’ उत्तम आहे, पण ‘ऊ’ हे अक्षर फारसं कुठे भेटत नाही. तिथे गप्पा उसावर कराव्यात आणि लिहायला ‘मळा’ किंवा ‘घर’ घ्यावं. अशी निवड शिकवणाऱ्याला जमली पाहिजे, आणि ती प्रशिक्षणात करून पाहिल्याशिवाय येत नाही.

जतच्या सीमेवरच्या गावांत आणखी एक पेच आहे. तिथे कित्येकांची घरची भाषा कन्नड. अशा बाईला मराठी पुस्तिका देणं म्हणजे एकाच वेळी भाषा आणि लिपी दोन्ही शिकवणं. तिथला स्वयंसेवक दोन्ही भाषा बोलणाराच हवा.

आकडे: ज्यांना हिशोब येतो त्यांना गणित शिकवणं

मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि इथे आदर्श साताऱ्यातच आहे. म्हसवडमध्ये चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण पुढाकार घेणाऱ्या बायका निरक्षर होत्या. सिन्हा निराश झाल्या. बायका म्हणाल्या, मग शिकू की! त्यांनी दिवसभराची कामं आटोपून वर्ग केले. पुढच्या वेळी त्या स्वतः अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या की आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नाही. कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय करून दाखवावं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

यातून स्वयंसेवकानं घ्यायचं ते असं: संख्या या बायकांच्या डोक्यात असतात, कागदावर नसतात. म्हणून एक ते शंभर घोकून घेण्याआधी त्या हिशोब कसा करतात ते ऐकावं. धान्याची जुनी मापंच घ्या: चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. तीन मण दोन पायल्या म्हणजे किती पायल्या? एखादी आजी पन्नास म्हणून मोकळी होते. तिनं केलेला गुणाकार आणि बेरीज फळ्यावर मांडून दाखवली की ती म्हणते, हेच व्हय? कागदावरच्या गणिताचं भय तिथेच उतरतं.

कागदावर उतरवताना मात्र ठरावीक ठिकाणी अडतं. ‘एकशे पाच’ ऐकून १००५ लिहिलं जातं, कारण कानाला तसंच ऐकू येतं. शंभराची एक नोट, दहाच्या नोटेची जागा रिकामी, पाचाचं नाणं असं मांडलं की शून्याचं काम कळतं. ‘एकोणसाठ’मध्ये कानाला ऐकू येतो साठ, म्हणून लिहिलं जातं ६९. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची जास्तीची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण ती अडचण खरी आहे, आणि प्रौढांच्या वर्गात ती रीत जरूर वापरावी. शिवाय मोबाइलवर इंग्रजी आकडे असतात आणि पुस्तिकेत मराठी. मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो. दोन्ही शेजारी शेजारी लिहून दाखवले नाहीत तर चुकीचा नंबर लागतो.

आणि व्याज. सावकार म्हणतो ‘शेकडा दोन’, बँकेच्या फलकावर असतं ‘द.सा.द.शे. १२’. ऐकायला दोन लहान, बारा मोठे. पण सावकाराचे दोन रुपये दर महिन्याचे असतात आणि बँकेचे बारा दर सालाचे. पाच हजारांवर सावकाराला महिन्याला १०० म्हणजे वर्षाला १,२०० जातात, बँकेला ६००. हा एक धडा प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असावा. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला उचलीचा हिशोब, टनांचा दर आणि झालेली कपात ताडून बघता आली पाहिजे. बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या बाईला हजेरीचे दिवस मोजता आले पाहिजेत. वर्गात या चिठ्ठ्याच मांडाव्यात.

वेळ आणि हंगाम

गाळप हंगामात दुष्काळी तालुक्यांतली कितीतरी माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, गावात नसतात. वर्गाचं वेळापत्रक शाळेच्या वर्षावर बेतलं तर ते कागदावरच राहतं. तोडणी टोळीबरोबर एखादी शिकलेली सून असेल, तर तिलाच तयार करून पाठवावं. फडाजवळच्या खोपट्यात रोज वीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

शिकून झाल्यावर

१९५९ च्या मोहिमेची चूक पुन्हा होऊ नये म्हणून चाचणीनंतरचं वर्ष शिकवणाऱ्याच्या कामात धरलंच पाहिजे. वाचायला फार मोठं ग्रंथालय लागत नाही. एसटीच्या पाट्या आहेत, रेशनची पावती आहे, वीजबिल आहे, देवळातल्या वर्गणीची यादी आहे. त्याहून चांगली जागा म्हणजे बचत गटाची वही. आजवर ती गटातली शिकलेली एकच बाई लिहीत आली. पुढच्या महिन्याच्या बैठकीत ती वही नव्यानं शिकलेल्या मावशींच्या पुढ्यात ठेवावी. नावं त्यांनी लिहावीत, जमा त्यांनी मांडावी, बेरीज त्यांनीच मारावी. शेजारी शिकवणारीनं बसावं, आणि विचारल्याशिवाय पेनाला हात लावू नये.